गमबुटाला प्रतिशब्द

साकीनाक्याच्या कारखान्यातून मुस्तनसिरभाईंनी
सोळा पानांचा कॅटलॉग धाडला.
इंग्रजीतून रशियनमध्ये, गुरुवारपर्यंत,
पानाला साडेतीनशे.
सोबत नमुन्याचा एक जोड, काळा,
आतून लोकरीचं जाड अस्तर, दहा नंबर.
माझे दोन्ही पाय एकात मावतील.

वेलिंग्टन. हे सोपं.
रेझिनोविये सापागी, रबरी बूट;
कुण्या साहेबाचं नाव सरहद्दीवरच गळून पडलं.
रेनबूट. पुन्हा रबरी बूट.
गमबूट. पुन्हा तेच.
इंग्रजीत तीन पानं, रशियनमध्ये एक ओळ.
भाई म्हणणार, बाई, मग पैसे तीन पानांचे कसे?

मग आला गलोश.
पेन्सिल खाली ठेवली.

एकोणऐंशी साली, संध्याकाळच्या वर्गात,
झिनाइदा ल्वोव्हनांनी फळ्यावर लिहिलं, गलोशी,
आणि आम्ही, पोर्ट ट्रस्टचे दोन कारकून,
एक नर्स आणि मी, विचारलं:
बुटावर आणखी बूट? कशाला?
खालचा दाबलेल्या लोकरीचा, त्या म्हणाल्या,
बर्फाला पुरतो, पाण्याला पुरत नाही.
म्हणून जोड्याला जोडा.
आणि कुणाची फजिती झाली, की आमच्याकडे म्हणतात,
तो गलोशीत बसला.
एक कारकून पुटपुटला, आमच्याकडे पायताण डोक्यात बसतं.
बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं,
वर तारीख घालून.

पान नऊ: चिखलासाठी खास.
कुठल्या चिखलासाठी?
त्यांच्याकडे ग्र्याझ, जो चिखलही आणि मळही.
त्यांच्याकडे स्ल्याकत, बर्फ विरघळताना होते ती पचपच.
आणि रासपूतित्सा,
वर्षातून दोनदा रस्तेच जमिनीत जातात
आणि गावं जिथल्या तिथे थांबतात, तो काळ.
यांतला एकही चिखल माझ्या पायाला लागलेला नाही.
माझ्या खिडकीतून दिसतो तो शिवडीचा,
ओहोटीला उघडा पडणारा, काळा, तेलाची साय धरलेला,
त्यात रोहित पक्षी उभे, अनवाणी,
कुणाच्या कॅटलॉगात नसलेले.
राड, रेंदा, गाळ, रबरबाट,
एवढे शब्द हाताशी,
आणि कुणी मागितलेले नाहीत.

मे महिना. खाली नालेसफाई चाललेली.
नागोराव झाकणाशेजारी बसला होता,
एका पायात फाटका बूट, दुसऱ्यात प्लास्टिकची पिशवी.
मी नमुना खाली नेला.
त्याने आत हात घातला, अस्तर चाचपलं.
'ह्यात मांजर व्याली का काय?'
मग ब्लेडने अस्तर टराटरा सोलून काढलं
आणि घोट्याच्या आतल्या बाजूने
दोन्ही बुटांना दोन-दोन भोकं पाडली.
मी ओरडलेच, अहो, पाणी शिरेल!
'पाणी वरूनच शिरतं बाई, मी मांडीपर्यंत उतरतो.
शिरलेलं निघाय नको?
न्हाई निघालं तर पाय न्हाई उचलत मी,
नाला उचलतो.'

वर आले. पान अकरा:
शंभर टक्के पाणी अडवणारा.
लिहिलं. नेप्रामाकायेमिये, न भिजणारे.
वोलोग्दाच्या कुठल्याशा गोदामात ते खरंही ठरेल.
भोकाचा शब्द मला येत होता.
त्याला जागा नव्हती.

अस्तराचे तुकडे कठड्यावर राहिले होते,
संध्याकाळी चाळीतलं पांढरं मांजर
खरंच त्यावर येऊन पसरलं.

शुक्रवारी भाईंचा फोन. काम छान, पैसे चौदा पानांचे,
आणि हो, तो नमुन्याचा जोड परत पाठवा.
मी म्हटलं, भाई, मी गलोशीत बसले.
पलीकडे क्षणभर शांतता, मशीनची घरघर.
'दहा नंबर आहे बाई,' ते म्हणाले, 'बसणारच.'